अनोळखी लोक रस्त्यात, गाडीत मुलीचे गाल ओढतात, उचलून घेतात. आईवडिलांनी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी अडीच वर्षांची आहे, गोबरी आहे, आणि लोकलमध्ये, भाजीबाजारात, लग्नात जो भेटेल तो तिचे गाल ओढतो, कुणी न विचारता उचलतं, पापे घेतं. तुम्ही बोललात की लोक शिष्ट म्हणतात आणि नवरा म्हणतो, उगाच बाऊ करतेस. माझी मुलगी आता सात वर्षांची आहे. जे केलं आणि जे करायला हवं होतं, दोन्ही सांगते.

आधी माझी चूक. ती तीन वर्षांची असताना आम्ही दोघी सांगलीहून जतला लाल डब्याने चाललो होतो. मागच्या सीटवर साठीचे एक गृहस्थ. चांगले वाटले, अडकलेली खिडकी त्यांनीच उघडून दिली. मग सीटवरून हात घालून तिचा गाल धरला, ‘काय गं चिमणे, नाव काय तुझं?’ ती आक्रसली. दुसऱ्यांदा धरला तेव्हा तिने माझ्या ओढणीत तोंड खुपसलं. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे बघितलं. आणि मी? मी त्यांच्याकडे बघून हसले. वर म्हणाले, ‘लाजते जरा.’ कवठेमहांकाळ येईपर्यंत हेच चाललं होतं.

पंधरा दिवसांनी पुन्हा स्टँडवर गेलो. गाडी फलाटाला लागली तशी पोरीने दोन्ही तळहात गालांवर दाबून धरले. पायरी चढताना हात दे म्हटलं तर देईना. कंडक्टर तिकीट फाडून पुढे गेला तरी ती तशीच, कोपरं बाहेर काढून बसलेली. ते काका वाईट हेतूचे होते असं मला आजही वाटत नाही. पण गाल तिचे होते आणि भीड माझी होती, एवढं त्या दिवशी कळलं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर असं, की समोरच्याचा हेतू शोधत बसू नका. तो चांगला का वाईट हे दोन मिनिटांत कुणालाच कळत नाही. पोरगी आक्रसली, तोंड फिरवलं, तुमचा कुर्ता घट्ट धरला, की तेवढं पुरे. हात मध्ये घाला. खरंच हात, शब्द नंतर. मी तिच्या गालावर स्वतःचा तळवा ठेवते किंवा तिला दुसऱ्या कडेवर घेते, आणि म्हणते, ‘काका, हात नका लावू, तिला नाही आवडत.’ बस्स. पुढे ‘सॉरी हं’, ‘गैरसमज नको’, ‘ती तशी फार गोड आहे हो’ हे शेपूट लावायचं नाही. शेपूट लावलं की समोरचा तेच धरून बोलत बसतो. हसतहसत म्हटलं तरी चालतं, फक्त वाक्य एकच हवं.

लगेच काहीतरी पर्याय दिला तर बहुतेक माणसं खूशही होतात. ‘टाटा करा तिला’, ‘टाळी मागून बघा’. टाळीचा मला फार उपयोग झाला. समोरच्याने हात पुढे करून थांबायचं आणि टाळी द्यायची की नाही ते पोरीने ठरवायचं. आमच्या भाजीवाल्या मावशी आता तसंच करतात. कधी मिळते, कधी नाही. नाही मिळाली तर म्हणतात, ‘आज बाईसाहेब रागावल्यात,’ आणि एक गाजर देतात.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी अनोळखी माणसांवर अन्याय करेन. माझी पोरगी अर्धीअधिक परक्या मांड्यांवर वाढली आहे. सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून बायकांच्या डब्यात चढायचं, एका खांद्यावर पिशवी, एका हातात कडी, कडेवर पोर. अशात बसलेली एखादी बाई म्हणते, ‘मला दे गं तिला.’ ठाण्यापर्यंत ती तिच्या मांडीवर, तिच्या डब्यातला चपातीचा तुकडा खात. हे बंद करावं असं मला कधीच वाटलं नाही. फरक स्पर्शात नाही, विचारण्यात आहे. ती बाई आधी मला विचारते, मग पोरीसमोर दोन्ही हात धरते आणि ती झेपावते का बघते. माझी नणंद जर्मनीत असते, तिच्या मुलाला दोन वर्षं कुणी परक्याने बोटसुद्धा लावलं नाही, आणि तिला त्याचं वाईट वाटायचं. तेव्हा तुमचा नवरा म्हणतो त्यात काही तथ्य नाही असं नाही.

अगदी तान्ह्या बाळाचं मात्र वेगळं. तिथे भीड अजिबात नको. ओठांवर तापाचे फोड येतात त्याचा विषाणू पाप्यातून जातो आणि पहिल्या काही आठवड्यांतल्या बाळाला तो जिवावर बेतू शकतो. डांग्या खोकल्याविरुद्धचे पहिले तीन डोस 6, 10 आणि 14 व्या आठवड्यात असतात, म्हणजे तोवर बाळ पुरतं सुरक्षित नसतं. आपल्या आज्यांना विषाणू माहीत नव्हते, पण बाळंतिणीच्या खोलीत हातपाय धुतल्याशिवाय कुणाला सोडत नव्हत्या आणि सव्वा महिना बाळ बाहेर काढत नव्हत्या. लोक ‘आमच्या वेळी असं काही नव्हतं’ म्हणतात तेव्हा मला हसू येतं. गालाला तीट लावलेल्या बाळाकडे नुसतं टक लावून बघितलं तरी आमच्या सासूबाईंच्या सासूबाई मीठमोहऱ्या ओवाळायच्या.

सासूबाई स्वतः या बाबतीत पट्टीच्या. कुणी हात पुढे केला की, ‘सर्दी झालीय हो तिला, लागेल तुम्हाला.’ माणूस दोन पावलं मागे. मीही वर्षभर हीच थाप वापरली. पण मूल बोलायला लागलं की ती सोडावी असं माझं मत आहे. एकदा पोरगीच मोठ्याने म्हणाली, ‘मला नाही झाली सर्दी.’ माझी फजिती झाली ती झालीच, पण तिच्या लेखी त्याचा अर्थ असा होतो की सर्दी असेल तरच नको म्हणता येतं. आपल्याला तिला कळायला हवंय की आवडत नाही हे कारण पुरेसं आहे.

आणि हे बाहेर शिकवून घरी मोडायचं नाही, ही सगळ्यात अवघड गोष्ट. बसमधल्या काकांना थांबवलं, आणि घरी आत्या आल्यावर ‘पापा दे बरं, दे म्हणते ना!’ मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या पोक्सो कायद्याखालच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच निघतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं. म्हणजे नाही म्हणायची सवय खरी लागते ती ओळखीच्या माणसासमोर. आमच्याकडे नियम असा: नमस्कार करायचा, निदान ‘या’ म्हणायचं. पापा आणि मांडी मर्जीवर. यावरून एक दिवाळी जरा कडू गेली, पण निभावलं.

एक गोष्ट लाज वाटूनही लिहिते. डब्यात तृतीयपंथी कुणी आशीर्वादाला डोक्यावर हात ठेवायला आलं की मी पोरीला झटकन मागे ओढायची. आणि लग्नात भरजरी शालूतली, कधी न पाहिलेली बाई तिच्या गालावर लिपस्टिकचा ठसा उमटवून गेली तर मी गप्प. पोरीला दोन्ही सारखंच नकोसं होतं. नियम करायचा तर तो सगळ्यांना लावा, कपडे बघून नको.

याचंच भयंकर टोक आपल्या राज्याने पाहिलं आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी आवई व्हॉट्सॲपवर फिरत होती, आणि त्यांच्यातला एक जण लहान मुलीशी बोलायला गेला असं निमित्त झालं. म्हणून गर्दीत कुणी पोराला हात लावला तर त्या माणसाला सांगा, गरज पडली तर कंडक्टरला, पोलिसाला सांगा. ‘पोरं चोरतोय’ अशी आरोळी ठोकू नका. गर्दी शहानिशा करत नाही.

मात्र स्पर्श घाणेरडा आहे असं तुमचं मन सांगत असेल, तर मी वर सांगितलेला गोडवा विसरा. मोठ्याने बोला, मुलीला लांब घ्या, 112 लावा. मुलांसाठीचा 1098 आहे, रेल्वेत असाल तर 139. 2012 चा पोक्सो कायदा लैंगिक हेतूने केलेला नुसता स्पर्शही गुन्हा धरतो, शिक्षा 3 ते 5 वर्षं, आणि मूल बारा वर्षांखालचं असेल तर 5 ते 7 वर्षं. कपड्यावरून हात लावला तर तो या कलमात बसत नाही, असा निकाल जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला. त्यामुळे ‘कपडे तर होते ना अंगावर’ असं कुणी ऐकवलं तर ऐकून घेऊ नका. मुलीचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय घ्यायचा असतो, तसं मागून घ्या. आणि तिचा चेहरा दिसेल असा व्हिडिओ कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, तिची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे.

लोक शिष्ट म्हणतात का? म्हणतात. मला आमच्याच बिल्डिंगमध्ये ‘ती काचेच्या बाहुलीची आई’ म्हणायचे. वर्षभराने कंटाळले.

राहता राहिला नवरा. त्यांना एकदा पोरीला घेऊन एकट्याला एखाद्या मोठ्या लग्नाला पाठवा, सकाळच्या अक्षतांपासून पंगत उठेपर्यंत. आमच्याकडे एवढ्यावरच भागलं. दुपारी फोन आला, ‘अगं, लोक हिला सोडतच नाहीत. निघू का मी?’