डून किल्ला: पडद्यावरचं काय, नेमकं कुठे बघायचं

प्रश्न असा आहे की एडिनबरामध्ये एकच दिवस मोकळा आहे, तर ‘आउटलँडर’ या मालिकेतला लिओख किल्ला आणि ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’ या विनोदी सिनेमातला कॅमेलॉट, म्हणजे राजा आर्थरचा किल्ला, दोन्ही बघून होतील का? होतील, कारण दोन्ही म्हणजे एकच जागा आहे. स्टर्लिंगच्या वायव्येला साधारण १३ किमीवर, टीथ नदीकाठचा डून. रेल्वेने स्टर्लिंग गाठा, तिथून कॅलेंडरकडे जाणारी बस धरा आणि डून गावात उतरा. पुढे थोडं चालायचं. परतीच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा.

‘होली ग्रेल’मधले बहुतेक किल्ले डूनच का आहेत, हे कळलं की बघायला जास्त मजा येते. चित्रीकरण १९७४ सालचं. स्कॉटलंडमधले बरेच किल्ले नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात होते आणि त्यांनी ऐनवेळी परवानगी नाकारली. डून तेव्हा तिथल्या मोरे (Moray) या सरदार घराण्याची खासगी मालमत्ता होती (सरकारी देखरेखीखाली तो १९८४ मध्ये आला), म्हणून तो मिळाला. मग कोन बदलून त्याच भिंती पुन्हा पुन्हा वापरल्या. शेवटचा पाण्यातला किल्ला मात्र वेगळा, तो स्टॉकर. आणि दूरवर दिसणारं कॅमेलॉट ही नुसती प्रतिकृती होती.

आत शिरण्याआधी पूर्वेच्या भिंतीकडे जा. नारळाच्या करवंट्या वाजवत राजा आर्थर येतो तो सुरुवातीचा प्रसंग तिथला. सकाळी या बाजूला ऊन असतं. दर्शनी बाजू उत्तरेला असल्यामुळे दिवसभर बहुतेक सावलीत राहते आणि फोटो काळपट येतात, तेव्हा पूर्वेची बाजू आधी उरकलेली बरी. दरवाजातून आत जाणारी कमानदार वाट सुमारे १४ मीटर लांब आहे आणि जुना लोखंडी जाळीचा दरवाजा अजून जागेवर आहे. सिनेमातला लाकडी ससा याच वाटेने आत ओढला जातो.

चौकातून जिने चढून वर गेलात की मोठं दालन लागतं, साधारण २० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. गोलमेजाच्या सरदारांचं गाणं इथलं. या दालनात भिंतीतली शेकोटी नाही. जाळ मधोमध पेटवत असावेत आणि धूर छपरातून बाहेर जात असावा. लाकडी छप्पर मूळचं नाही, १८८० च्या दशकातल्या दुरुस्तीत बसवलेलं आहे. शेजारच्या मुदपाकखान्यात घाई करू नका. चुलीची जागा जवळजवळ साडेपाच मीटर रुंद आहे आणि तिच्यावर एकच सलग कमान आहे. कमानीखाली उभं राहून वर बघा, धुराड्याचा आवाका तिथूनच कळतो. सिनेमातल्या अँथ्रॅक्स किल्ल्याचे प्रसंग याच भागात घेतले आहेत.

‘आउटलँडर’च्या चाहत्यांची निराशा इथेच होते. मालिकेसाठी डूनचा मुख्यतः बाहेरचा भाग आणि चौक वापरला; लिओखच्या आतल्या खोल्या कंबरनॉल्डच्या स्टुडिओत उभारलेल्या होत्या. त्यामुळे झुंबरं, पडदे, पलंग शोधत फिरू नका, खोल्या बहुतेक उघड्या दगडाच्या आहेत. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या पहिल्या प्रायोगिक भागातला विंटरफेल किल्लाही इथलाच, पण पुढे ते काम उत्तर आयर्लंडला गेलं.

आपल्या गडांची सवय असेल तर माची, बालेकिल्ला, तटबंदीवरून तासन्‌तास फेरी असं काही मनात ठेवून जाऊ नका. डून म्हणजे एका चौकाभोवतीचा तटबंद वाडा आहे, दोन तासांत नीट बघून होतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या राज्याचा कारभार हाकणाऱ्या रॉबर्ट स्ट्युअर्टने, म्हणजे अल्बनीच्या ड्यूकने, तो बांधला. त्याच्या मुलाचा, मर्डॉकचा, १४२५ मध्ये राजाने शिरच्छेद केला आणि किल्ला राजाकडे गेला. दक्षिणेच्या तटात टोकदार कमानींच्या खिडक्या आहेत आणि त्यांच्यामागे इमारतच नाही. पुढचं बांधकाम ठरलं होतं पण झालं नाही, याची ती खूण. बहुतेक लोक तिकडे न बघताच निघून जातात.

मुदपाकखान्यावरच्या खोल्याही बघा. मालिकेची गोष्ट १७४३ पासून सुरू होते. त्यानंतर तीनच वर्षांत, फॉलकर्कच्या लढाईनंतर, जॅकोबाइटांनी (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्यासाठी बंड करणाऱ्यांनी) पकडलेले सरकार पक्षाचे कैदी या किल्ल्यात होते. त्यांतले काही जण, नाटककार जॉन होम त्यांच्यातच, चादरींना गाठी मारून केलेल्या दोरावरून उतरून पळाले. कैद्यांत जॉन विदरस्पूनही होता, ज्याने पुढे १७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. मालिकेतल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा मला ही हकिगत जास्त थरारक वाटते.

ऑडिओ गाइड जरूर घ्या. त्यात ‘होली ग्रेल’चा एक दिग्दर्शक टेरी जोन्स याचा आवाज आहे, आणि ‘आउटलँडर’च्या भागासाठी मालिकेचा नायक सॅम ह्यूअनचा. गोल जिने अरुंद आहेत, पाठीवरची मोठी सॅक अडकते.

स्वतःची गाडी असेल तर त्याच दिवशी ब्लॅकनेस (मालिकेतलं फोर्ट विल्यम) आणि जवळचं मिडहोप (लॅलीब्रॉख) जोडता येईल. डून सकाळी, ही दोन परतताना. मिडहोप खासगी जागेत आहे, आतून मोडकळीला आलेलं असल्यामुळे फक्त बाहेरून बघायला मिळतं आणि काही दिवस बंदही असतं, म्हणून निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर तारीख तपासा.