जावयाच्या खापरपणजोबांची सनद

(जुने कागद, वंशावळी आणि घराण्यांचे शोध यांबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना या सदरात उत्तरे दिली जातात. सदरलेखिका नाशिकला भूमी अभिलेख खात्यात नोकरी करून निवृत्त झाल्या आहेत.)

प्रश्न : ताई, माझी मुलगी अमेरिकेत लुईव्हिलला असते. जावई तिथलाच, केंटकीचा. नातवाला शाळेत वंशवृक्ष काढून न्यायचा आहे. आमची बाजू एका सकाळीत झाली. रामकुंडावरच्या आमच्या उपाध्यायांनी वही काढली, गाव आणि आडनाव विचारलं आणि माझ्या खापरपणजोबांच्याही पलीकडची नावं वाचून दाखवली. जावयाच्या बाजूला मात्र आजोबांच्या आजोबांपर्यंत नावं आहेत, पुढे नुसत्या गोष्टी. मूळ पुरुष म्हणे केंटकीची वाट पाडणाऱ्या त्या प्रसिद्ध डॅनियल बूनबरोबर तिथे आला आणि त्याची बायको चेरोकी या तिथल्या मूळ जमातीतली राजकन्या होती. विहीणबाई दोन्ही गोष्टी छातीठोकपणे सांगतात. पदरमोड न करता नाशकात बसून याचा छडा लागेल का?
— एक आजोबा, पंचवटी

उत्तर : आजोबा, बराचसा लागेल. फक्त बूनपासून खाली येऊ नका, नातवापासून वर जा. मूळ पुरुष आधी ठरवून त्याला आपल्या घरापर्यंत ओढत आणलं, की वाटेत भेटेल तो त्याच नावाचा माणूस आपला वाटायला लागतो.

पहिला आधार जनगणनेचा. तिथे 1790 पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होते आणि 72 वर्षं झाली की तिची पानं सर्वांना खुली करतात. 1950 ची 2022 मध्ये खुली झाली. तिथून मागे चाला. मध्ये 1890 ला खड्डा पडेल, कारण ते बहुतेक कागद 1921 च्या आगीनंतर हाती राहिले नाहीत. 1880 च्या पानावर घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं आहे, शिवाय प्रत्येकाचे आईवडील कुठल्या राज्यात जन्मले तेही आहे. हे पान सोन्यासारखं जपा. 1850 मध्ये नावं आणि वयं आहेत, नातं नाही. म्हणजे घरात वीस वर्षांची मुलगी दिसली तर ती लेक, दुसरी बायको की भाची, हे तुम्हाला दुसरीकडून काढावं लागेल. 1840 आणि त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. बाकीचं घर म्हणजे वयोगटांचे आकडे. केंटकीची 1790 आणि 1800 ची पानं तर उरलेलीच नाहीत.

बहुतेक लोक इथे थांबतात. मला मात्र खरी मजा इथून पुढे वाटते, कारण पुढे जमिनीचे कागद लागतात आणि माझी सगळी नोकरी त्यांतच गेली.

केंटकी 1792 साली राज्य झालं. त्याआधी तो व्हर्जिनियाचा भाग होता आणि जमीन व्हर्जिनियाच्या कायद्याने मिळायची. त्याचे चार टप्पे होते. आधी वॉरंट, म्हणजे इतके एकर मिळण्याचा हक्क. मग नोंद, म्हणजे अमुक ओढ्याकाठची जमीन मला हवी असं दप्तरात लिहून देणं. मग मोजणी आणि शेवटी सनद. केंटकीच्या लँड ऑफिसने हे जुने कागद स्कॅन करून फुकट बघायला ठेवले आहेत. आडनाव टाका आणि बसा.

मोजणीच्या कागदावर चतुःसीमा असते, पण आपल्यासारखी गट नंबरांची नाही. ओढ्याकाठच्या व्हाइट ओकपासून सुरुवात, तिथून ईशान्येला इतके पोल दोन हिकरींच्या झाडांपर्यंत, तिथून अमक्याच्या हद्दीला लागून परत ओढ्यावर, अशी ती लिहिलेली असते. झाड पडलं की हद्द गेली! पोल म्हणजे साडेसोळा फूट. त्यांची साखळी 66 फुटांची, चार पोलांची. आपली शंकूसाखळीच्या मोजणीतली साखळी 33 फुटांची, सोळा आण्यांची. म्हणजे त्यांचे दोन पोल ही आपली एक साखळी. दोन्ही मापं इंग्रजी मोजणीच्या एकाच वळणाची आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या टिपणावर काम केलेल्या माणसाला केंटकीचा नकाशा कागदावर उतरवायला अर्धा तास पुरतो. तुमच्या ओळखीत कोणी निवृत्त भूकरमापक असेल तर त्याला चहाला बोलवा. तो खूश होईल.

आता या कागदाच्या तळाशी बघा. साखळी कोणी ओढली त्यांची नावं तिथे लिहिलेली असतात. रानात मोजणीला जाताना माणूस कोणाला बरोबर नेणार? भावाला, मेव्हण्याला, मिसरूड फुटलेल्या पोराला, नाहीतर शेजाऱ्याला. ही नावं वेगळ्या वहीत उतरवा आणि त्यांतली कोणती व्हर्जिनियातल्या किंवा नॉर्थ कॅरोलिनातल्या एकाच काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) करपत्रकात शेजारी शेजारी दिसतात ते शोधा. सरहद्दीवर कोणी एकटादुकटा गेला नाही. चार-सहा घरं मिळून निघायची, नव्या जागी शेजारी वसायची आणि पोरांची लग्नंही आपसांत लावायची. तुमच्या माणसाचा माग सुटला तर त्याच्या शेजाऱ्याचा माग धरा. व्हर्जिनियाची करपत्रकं 1782 पासून जवळजवळ दरवर्षीची आहेत. एखादं नाव त्यांत पहिल्यांदा उगवलं आणि बापाच्या नावाखालचा करपात्र पुरुषांचा आकडा त्याच वर्षी एकाने घटला, तर पोरगा एकवीसचा होऊन वेगळा कर भरू लागला असं धरून जन्मसाल काढता येतं.

यात एक गोम आहे. माणूस जागचा हलला नाही तरी त्याची काउंटी बदलते. 1780 मध्ये केंटकीत तीन काउंट्या होत्या, राज्य झालं तेव्हा नऊ, आज 120 आहेत. आपला नाशिक जिल्हा 1869 मध्ये खानदेश आणि अहमदनगरचे तालुके काढून केला, त्यामुळे त्याआधीच्या कागदासाठी नगरचं नाहीतर खानदेशचं दप्तर चाळावं लागतं. तिथेही तसंच आहे. 1785 चा कागद आजच्या काउंटीच्या कोर्टात मागाल तर तो मिळणार नाही. त्या साली ती जागा कोणत्या काउंटीत होती ते आधी नकाशावर बघा.

बायकांची नावं शोधणं अवघड. लग्नाआधीचं आडनाव हवं असेल तर लग्नाच्या जामिनकीचा कागद काढा. नवरदेवाबरोबर जामीन राहणारा बहुधा मुलीचा बाप किंवा भाऊ असायचा. पहिलं नाव हवं असेल तर जमीन विकल्याचे दस्त बघा. नवऱ्याच्या जमिनीत विधवेचा एक तृतीयांश हक्क असे, म्हणून जमीन विकताना बायकोला बाजूला घेऊन, नवऱ्याच्या माघारी, तू राजीखुशीने हक्क सोडतेस ना, असं विचारून तसं लिहून ठेवत. आपल्याकडे हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेताना असं एकटीला बाजूला घेऊन कोणी विचारलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणखी एक कागद सांगते, तो मिळाला तर पेढे वाटा. मूळ पुरुष अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला असेल आणि 1832 च्या कायद्याने त्याने पेन्शन मागितली असेल, तर सत्तरी-ऐंशीतल्या त्या म्हाताऱ्याची कोर्टापुढची जबानी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्याला ठरलेले प्रश्न विचारत : जन्म कुठला, कोणत्या साली, फौजेत गेलास तेव्हा राहायला कुठे होतास, त्यानंतर कुठे कुठे राहिलास. त्याचा सगळा प्रवास त्याच्याच तोंडून मिळतो. विधवेचा अर्ज असेल तर पुराव्यादाखल घरच्या बायबलातलं पोराबाळांच्या जन्मतारखांचं पान फाडून जोडलेलंही सापडतं.

आता विहीणबाईंच्या गोष्टी. बूनने मार्च 1775 मध्ये कंबरलंड खिंडीतून वाट पाडली तेव्हा त्याच्याबरोबर साधारण तीस माणसं होती. त्यांतली बरीच नावं माहीत आहेत. त्यांत हे आडनाव नसेल, तर ‘बूनबरोबर’ याचा अर्थ ‘बूनने पाडलेल्या वाटेने’ एवढाच घ्या, आणि त्या वाटेने हजारो लोक आले. लायमन ड्रेपर नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात या जुन्या वसाहतवाल्यांना आणि त्यांच्या मुलानातवांना गाठून आठवणी लिहून घेतल्या. तो संग्रह विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेत, मॅडिसनला आहे. त्यातही शोधा. आणि बूनचा एवढा तोरा मिरवताना हेही नातवाला सांगा, की नोंदी आणि मोजणीतल्या घोळांपायी बूनच्याच केंटकीतल्या जमिनी गेल्या आणि 1799 मध्ये तो मिसूरीला निघून गेला. एकाच जमिनीवर तीन-तीन सनदा निघायच्या तिथे. अब्राहम लिंकनच्या वडिलांनी 1816 मध्ये केंटकी सोडून इंडियाना गाठलं, त्याचं मुख्य कारणही जमिनीच्या हक्काची कटकट होती, असं लिंकनने स्वतः लिहून ठेवलंय. इंडियानात सरकारने आधी चौकोन आखून मग जमीन विकली होती.

राजकन्येचं म्हणाल तर चेरोकींमध्ये राजेही नव्हते आणि राजकन्याही नव्हत्या. केंटकी-टेनेसीकडच्या कितीतरी घरांत ही गोष्ट सांगतात. बाई चेरोकी असू शकते, नाही असं नाही. पूर्वेकडच्या चेरोकींना भरपाई द्यायची ठरली तेव्हा 1906 नंतर अर्ज मागवले होते आणि अर्जात आजा-आजीपर्यंतची नावं भरायची होती. नामंजूर अर्जही जपलेले आहेत. घराण्यातल्या कोणी अर्ज केला होता का ते बघा. विहीणबाईंना मात्र एकदम खोडून काढू नका, लेकीला तिथे नांदायचंय. आणि सनदेत जी जमीन ‘रिकामी’ म्हणून दिलीय ती शॉनी आणि चेरोकी लोकांची शिकारीची राने होती, एवढं नातवाच्या तक्त्यावर कोपऱ्यात लिहा.

पैशांचं : फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर जनगणना आणि काउंटी कोर्टांचे पुष्कळ कागद फुकट बघता येतात. ते यूटामधल्या मॉर्मन चर्चचं आहे. याच लोकांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही मायक्रोफिल्म केली होती. उपाध्यायांना सांगा, त्यांना गंमत वाटेल.

प्रश्न : पुतणीच्या अमेरिकन नवऱ्याची तयार वंशावळ इंटरनेटवर सापडली. थेट शार्लमेन बादशहापर्यंत जाते. लग्नाच्या वाढदिवसाला फ्रेम करून द्यावी म्हणतो. खरी असेल ना?
— एक काका, सातपूर

उत्तर : फ्रेम स्वस्तातली घ्या. आधी दोन गोष्टी तपासा. एखाद्या बाईला नवव्या वर्षी मूल झालेलं दाखवलंय का? आणि एखादा माणूस अशा काउंटीत जन्मलाय का, जी त्याच्या जन्मानंतर तीस वर्षांनी झाली? यांतलं एक जरी निघालं, तरी तिथून वरचं सगळं एकाने लिहिलं आणि शंभरांनी उतरवलं असं समजा. जिथपर्यंत प्रत्येक पिढीला एक तरी कागद आहे तिथपर्यंतच छापा. चार पिढ्या भरल्या तरी भेट चांगली दिसते.

प्रश्न : आमची सून नॅशव्हिलची, कृष्णवर्णीय. तिच्या माहेरचे लोक 1870 च्या जनगणनेत सापडले, त्याआधी कुठेच नाहीत. तुमच्या मागच्या एका उत्तरात तुम्ही 1850 मध्ये सर्वांची नावं आहेत म्हणाला होतात. मग हे लोक होते कुठे?
— एक सासूबाई, नाशिक रोड

उत्तर : सर्वांची म्हणजे सर्व स्वतंत्र माणसांची, हे तिथे जोडायला हवं. गुलामांसाठी 1850 आणि 1860 ला वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचं नाव आणि त्याखाली नुसतं वय, लिंग, रंग. माणसाच्या नावाचा रकानाच नव्हता. 1870 मध्ये ही माणसं पहिल्यांदा नावानिशी शिरगणतीत आली.

त्याच्या मागे जायचं तर मालकाच्या घराण्याचे कागद काढावे लागतात. ते कडू आहे, पण दुसरा रस्ता कमी आहे. वर आजोबांना ज्या सरहद्दीवरच्या घराण्यांबद्दल सांगितलं, त्यांच्यातल्याच बऱ्याच जणांनी व्हर्जिनियाहून येताना गुलाम बरोबर आणले होते. मृत्युपत्रांत, वाटणीपत्रांत, बक्षीसपत्रांत त्यांची पहिली नावं असतात, गुराढोरांच्या आणि भांड्यांच्या ओळीत लिहिलेली. आजोबांना जावयाच्या घराण्याच्या कागदांत असं नाव दिसलं तर त्यांनी ते गाळू नये, वर्ष आणि काउंटीसकट उतरवून ठेवावं. तुमच्या सुनेसारखं कोणीतरी ते शोधत असतं.

मालक कोण हे कसं कळायचं? मुक्त झालेल्या सगळ्यांनी मालकाचंच आडनाव घेतलं असं नाही, त्यामुळे आडनावावर विसंबू नका. 1865 ते 1874 या काळात मुक्त झालेल्या लोकांसाठी फ्रीडमन्स बँक होती, नॅशव्हिललाही तिची शाखा होती. खातं उघडताना जन्म कुठला, लहानाचे मोठे कुठे झालात, नवरा-बायको, मुलं, आईबाप, भावंडं, आणि कित्येकदा जुना मालक कोण, हेही लिहून घेत. बँक बुडाली आणि गरिबांचे पैसे गेले, वह्या मात्र राहिल्या. त्या फॅमिलीसर्चवर आहेत. सुनेच्या घरातला कोणी पुरुष यादवी युद्धात कृष्णवर्णीय पलटणीत असेल तर त्याची पेन्शनची फाइलही मागवा. लग्नाचा कागद नसायचा, म्हणून विधवेला साक्षीदार आणावे लागत आणि हे दोघं कोणाच्या मळ्यावर, कधीपासून एकत्र राहत होते ते शेजारपाजारचे म्हातारे शपथेवर सांगत. नक्कल मागवायला पैसे पडतात. तेवढे खर्च करा.