कॉलेजच्या संघात खेळल्याने मुलीचे मार्क कमी होतील का?

मुलगी सोलापुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, खो-खोच्या संघात निवड झालीय, होकार द्यावा का, असं विचारलंय. नक्की द्या. मी इथेच तीन वर्षं कॉलेजकडून खो-खो खेळले.

रोजच्या दीड-दोन तासांच्या सरावाने अभ्यास मागे पडत नाही. उलट झोप गाढ लागते, लक्ष टिकतं, परीक्षेचं दडपण कमी होतं. आपल्याकडच्या उन्हामुळे सराव पहाटे नाहीतर संध्याकाळीच, त्यामुळे तासही फारसे बुडत नाहीत.

खरी अडचण स्पर्धांची. आधी आंतरमहाविद्यालयीन सामने, मग विद्यापीठाच्या संघात घेतलं तर शिबिर आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा. हे बरेचदा पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या आसपासच येतं. बुडालेला धडा मैत्रिणीच्या वहीवरून वाचता येतो, प्रॅक्टिकल नाही. माझी केमिस्ट्रीची तीन प्रॅक्टिकल्स अशीच गेली आणि त्या सत्रात मार्क घसरले. मी आधी बोलले असते तर ती दुसऱ्या बॅचबरोबर करता आली असती, याची अजून हळहळ वाटते. म्हणून स्पर्धेचं पत्र हातात आलं की त्याच दिवशी ते विभागप्रमुखांना द्यायला सांगा. ७५ टक्के हजेरीचा हिशेबही तिनेच वहीत ठेवावा.

आणि प्रमाणपत्रं फाइलला लावून ठेवा. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या दर्जाची स्पर्धा त्याला चालते, ते शासन निर्णयात आत्ताच पाहून घ्या.