लग्न ठरलंय म्हणून एफ-१ वाऱ्यावर सोडू नकोस

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे की तू अमेरिकेत एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, एमएस करतेयस, मे मध्ये डिग्री होईल, होणारा नवरा ग्रीन कार्डवाला आहे आणि त्याचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू जवळ आलाय, इथे कोर्टात लग्न करून डिसेंबरमध्ये भारतात घरच्यांसमोर विधी करायचं चाललंय, आणि मैत्रिणी सांगतायत की एकदा लग्न झालं की स्टेटसचं, म्हणजे इथे कायदेशीर राहायच्या दर्जाचं, टेन्शन संपलं, मग एखादा कोर्स ड्रॉप केलास किंवा बाहेर कॅशवर थोडं काम केलंस तरी चालतं. हे खरं का, डिसेंबरमध्ये जाऊन येता येईल का आणि नाव कधी बदलायचं. वयाने बरीच लहान वाटतेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. मी वकील नाही, पण मी स्वतः एफ-१ वर असतानाच लग्न केलं आणि तिथून ग्रीन कार्डापर्यंत आले, त्यामुळे या रस्त्यावर कुठे काय अडतं ते बऱ्यापैकी माहितीये.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसव की लग्नाने स्टेटस मिळत नाही. लग्नाने फक्त अर्ज करायचा हक्क मिळतो. मॅरेज सर्टिफिकेट हातात घेऊन तू कोर्टातून बाहेर पडशील तेव्हाही तू एफ-१ विद्यार्थिनीच असशील, तोच आय-२० (युनिव्हर्सिटीने दिलेला विद्यार्थ्याचा फॉर्म), तोच सेविसचा (सरकारच्या विद्यार्थी-नोंदणी यंत्रणेचा) रेकॉर्ड, तेच नियम. त्यामुळे माझं सरळ म्हणणं आहे की ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत एफ-१ जिवंत ठेवायचा, अर्ज टाकायच्या आधीही आणि टाकल्यावरसुद्धा.

टाकल्यावर कशाला असं बरेच जण विचारतात. तर आय-४८५, म्हणजे इथूनच ग्रीन कार्ड मागायचा अर्ज, टाकलास आणि पावती आली की तुला इथे राहायची परवानगी असते पण ते स्टेटस नसतं, अर्ज जिवंत आहे तोवरच ती परवानगी. उद्या तो अर्ज कुठल्याही कारणाने नाकारला गेला, नवऱ्याच्या कागदात काही कमी पडलं, एखाद्या नोटिशीचं उत्तर वेळेत गेलं नाही, तर मागे एफ-१ असेल तर तू परत विद्यार्थिनी, आणि नसेल तर त्या क्षणी तुझ्याकडे काहीच नाही. पूर्वी अशा वेळी लोकांना नव्याने अर्ज टाकायला थोडी उसंत मिळायची. २८ फेब्रुवारी २०२५ पासून यूएससीआयएसचं, म्हणजे हे अर्ज बघणाऱ्या सरकारी खात्याचं, धोरण असं आहे की अर्ज नाकारला आणि माणसाकडे दुसरं काही कायदेशीर स्टेटस नसेल तर त्याला इमिग्रेशन कोर्टात हजर राहायची नोटीस द्यायची. आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तर सॅन डिएगोला ग्रीन कार्डच्या इंटरव्ह्यूला गेलेल्या, व्हिसाची मुदत उलटून गेलेल्या काही जणांना तिथेच ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या, आणि ते अमेरिकन सिटिझनचे नवरा-बायको होते. हे तुला घाबरवायला सांगत नाहीये गं, पण पावती आली म्हणून अर्ध्या हळकुंडाने पिवळं होऊ नये एवढंच.

आता मैत्रिणी सांगतायत ते कुठून आलं ते बघ, कारण ते पूर्ण खोटं नाहीये म्हणूनच जास्त धोक्याचं आहे. अमेरिकन सिटिझनची बायको किंवा नवरा इमिजिएट रिलेटिव्ह या गटात येतो, आणि त्यांच्यासाठी कायद्यात सूट आहे की रीतसर तपासणी होऊन देशात आला असाल तर नंतर स्टेटस सुटलं, परवानगीशिवाय काम केलं, तरी इथेच राहून ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. पण तुझा होणारा नवरा आज सिटिझन नाहीये! ग्रीन कार्डवाल्याची बायको एफ२ए गटात येते आणि तिला ही सूट नाही. तिथे व्हिसा बुलेटिनमध्ये (दर महिन्याला निघणाऱ्या रांगेच्या तक्त्यात) तुझी तारीख यावी लागते आणि तोपर्यंत तुझं स्टेटस शाबूत लागतं, मध्ये चोरून केलेलं काम निघालं किंवा कोर्स न विचारता सोडल्याने स्टेटस गेलेलं निघालं तर इथून अर्ज करायची वाटच बंद. आणि इंटरव्ह्यू पास झाला म्हणजे सिटिझन झाला असंही नसतं, शपथविधी होईपर्यंत तो ग्रीन कार्डवालाच, आणि शपथेची तारीख लांबू शकते. ज्या सुटीच्या भरवशावर तू आज कोर्स ड्रॉप करणार ती सूट तुला अजून लागूच होत नाही. आधी लग्न करून आय-१३०, म्हणजे नवऱ्याने तुझ्यासाठी करायचा नात्याचा अर्ज, टाकलात आणि नंतर त्याची शपथ झाली तर ती केस आपोआप सिटिझनच्या गटात जाते, फक्त नॅचरलायझेशन सर्टिफिकेटची कॉपी पाठवावी लागते. आणि हो, त्याच्या सिटिझनशिपच्या अर्जात तो अविवाहित असेल आणि इंटरव्ह्यूच्या आधी तुमचं लग्न झालं तर ते त्याने तिथे सांगायलाच हवं, लपवायचं नाही.

कॅशवरच्या कामाबद्दल अजून एक, जे कोणी सांगत नाही. काही ठिकाणी मालक आय-९ (काम करायचा हक्क तपासायचा) फॉर्म भरून घेतात आणि मुलं घाईत यूएस सिटिझनच्या चौकटीत टिक करून मोकळी होतात. परवानगी नसताना केलेलं काम सिटिझनच्या जोडीदाराला माफ होऊ शकतं, पण आपण सिटिझन आहोत असा खोटा दावा केला तर ग्रीन कार्डसाठी त्याला माफीच नाही, नवरा सिटिझन असला तरी नाही, त्या एका टिकेने आयुष्यभराचा रस्ता बंद होतो. त्यामुळे कॅंपसवर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास, आणि बाहेर काम करायचं तर सीपीटी (शिकत असताना कोर्सचा भाग म्हणून काम) किंवा ओपीटी (आपल्या विषयातलं काम, बहुतेक डिग्रीनंतरचं), एवढंच.

कोर्सचं म्हणशील तर फुल टाइम लोड म्हणजे अंडरग्रॅडला साधारण १२ क्रेडिट, मास्टर्सला तुझी युनिव्हर्सिटी ठरवते तेवढं, आणि त्यात ऑनलाइन एकच कोर्स किंवा ३ क्रेडिट धरले जातात. शेवटच्या सेमिस्टरला कमीच क्रेडिट उरले असतील तर कमी लोड घेता येतो, आजारपणातही घेता येतो, पण आधी डीएसओची (युनिव्हर्सिटीतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याची) मंजुरी सेविसमध्ये पडली पाहिजे आणि मगच ड्रॉप करायचं. आधी ड्रॉप आणि मग ईमेल हे चालत नाही. नवऱ्याकडे राहायला गेलीस तर १० दिवसांच्या आत नवा पत्ता कळव, ही बारीक गोष्ट लग्नाच्या गडबडीत हमखास राहते. एकूणच डीएसओला लग्नाचं सांगायला लाजू नकोस, लग्न करणं एफ-१ च्या नियमाविरुद्ध अजिबात नाही.

ओपीटी मात्र न चुकता घे. नवऱ्याकडून ग्रीन कार्ड होणारच आहे मग ओपीटीवर कशाला पैसे घालवू असं म्हणणारे मी बघितलेत, आणि मग डिग्री संपली, ६० दिवसांचा ग्रेस पिरियड संपला, नवऱ्याची शपथ पुढे गेली आणि बाई अधांतरी. अर्ज प्रोग्राम संपायच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यावर ६० दिवसांपर्यंत टाकता येतो, डीएसओने सेविसमध्ये शिफारस टाकल्यापासून मात्र ३० दिवसांत जायला हवा. म्हणजे मे च्या डिग्रीला फेब्रुवारीतच तयारीला लाग. १२ महिने मिळतात, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) डिग्री असेल तर वर २४ महिने, आणि पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही हे लक्षात ठेव. नंतर आय-४८५ सोबत वर्क परमिट मागितलंस तर तेही येईल, पण ओपीटी चालू आहे तोवर नोकरी ओपीटीच्याच कार्डावर कर. दुसऱ्या कार्डावर कामाला लागलं की तू एफ-१ सोडलास असं धरलं जाऊ शकतं आणि मग वर एवढं सांगितलं त्यावर पाणी.

आता डिसेंबर. इथे मला जरा जास्त लिहावं लागणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान विमानतळावर होतं.

आय-४८५ टाकून झाला असेल आणि ऍडव्हान्स पॅरोल, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी, हातात नसेल तर देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, एफ-१ वाल्याचा अर्ज तिथेच सोडून दिला असं धरतात. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्यांना यात सवलत आहे, आपल्याला नाही. ऍडव्हान्स पॅरोल यायला महिने लागतात, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये अर्ज टाकून डिसेंबरमध्ये हॉल बुक करणं म्हणजे जुगार.

अर्ज अजून टाकला नसेल तर आधी पासपोर्टवरचा एफ-१ व्हिसाचा शिक्का बघ. शिक्का संपला असेल तर माझं ऐक, जाऊ नकोस. २ सप्टेंबर २०२५ पासून इंटरव्ह्यूशिवाय व्हिसा रिन्यू करून मिळणं जवळपास बंद झालंय, म्हणजे तुला कॉन्सुलेटमध्ये समोर उभं राहावं लागेल, फॉर्ममध्ये विवाहित लिहावं लागेल, नवरा कुठे असतो ते लिहावं लागेल, आणि एफ-१ देताना तू शिकून परत जाणार हे त्यांना पटावं लागतं. नवरा अमेरिकेत स्थायिक असताना ते पटणं फार कठीण आहे, २१४(बी) खाली, म्हणजे परत जाणार हे पटलं नाही म्हणून, नकार आला तर शेवटचं सेमिस्टर इकडे आणि तू तिकडे, आणि मग मुंबईच्या कॉन्सुलेटमधून इमिग्रंट व्हिसा होईपर्यंत वाट बघत बसायचं.

शिक्का चालू असेल आणि आय-२० वर डीएसओची ट्रॅव्हलची सही एका वर्षाच्या आतली असेल, ओपीटीवर असशील तर सहा महिन्यांच्या आतली, तर जाऊन येता येतं, लोक येतात. पण उतरल्यावर ऑफिसरने विचारलं तर लग्न झालंय हे खरं सांगायचं. खोटं बोलणं हा कायमचा डाग आहे, कोर्स ड्रॉप करण्यापेक्षा कितीतरी वाईट. आणि परत आल्या आल्या ग्रीन कार्डचा अर्ज टाकायचा नाही. परराष्ट्र खात्याच्या नियमावलीत २०१७ पासून ९० दिवसांचा नियम आहे, विद्यार्थी म्हणून आत आल्यापासून ९० दिवसांत इथे स्थायिक व्हायची पावलं टाकली तर येतानाच खोटं सांगितलं असा संशय धरला जातो. यूएससीआयएसला तो नियम बांधील नाही, पण इंटरव्ह्यूचा ऑफिसर शेवटच्या एंट्रीची तारीख बघतोच. जानेवारीत परत, सेमिस्टर नीट पूर्ण, एप्रिल उलटल्यावर अर्ज, असं असेल तर कोणाला काही बोलायला जागा राहत नाही.

पण खरं सांगू, मी तुझ्या जागी असते तर भारतातले विधी वर्षभर पुढे ढकलले असते. घरच्यांना समजावणं अवघड आहे, मला कल्पना आहे, आईला तर वाटतं की कागदांसाठी कोणी लग्न पुढे ढकलतं का. आमच्याकडेही तेच झालं, इथे कोर्टात चार मित्रांसमोर लग्न आणि घरचा सोहळा ग्रीन कार्ड आल्यावर, आणि तेव्हा परत येताना पोटात गोळा नव्हता याचं सुख वेगळंच होतं. दोन्ही करणार असाल तर कायद्याच्या दृष्टीने लग्नाची तारीख एकच, जे आधी झालं ते. इथे कोर्टात आधी झालं असेल तर तीच तारीख प्रत्येक फॉर्मवर, भारतात पुन्हा रजिस्टर करायच्या फंदात पडू नका. आणि उलट केलंत, म्हणजे तिकडे सप्तपदी आधी, तर रजिस्टर केलं नाही म्हणून लग्न झालं नाही असं होत नाही, मग फॉर्मवर अविवाहित लिहिलंस तर ते चूक ठरेल.

पैशाची तयारी ठेवा. १ एप्रिल २०२४ च्या दरांप्रमाणे आय-४८५ ला १४४० डॉलर आणि कागदावरच्या आय-१३० ला ६७५, वर्क परमिट आणि पॅरोलचे वेगळे, मेडिकलचे डॉक्टरला वेगळे, आणि मेडिकलचा रिपोर्ट डिसेंबर २०२४ पासून अर्जासोबतच जोडावा लागतो. पाठवायच्या आदल्या दिवशी साइटवर फी परत बघा, चुकीची फी गेली तर आख्खं पाकीट परत येतं. आय-८६४ वर, म्हणजे तुझ्या खर्चाच्या हमीपत्रावर, नवऱ्याचं उत्पन्न गरिबी रेषेच्या १२५ टक्के दाखवावं लागतं, कमी पडलं तर जॉइंट स्पॉन्सर चालतो. एकत्र राहत असाल तर लीजवर दोघांची नावं, जॉइंट अकाउंट, इन्शुरन्स, हे सगळं आत्तापासून सहज जमत जाऊ दे, शेवटच्या आठवड्यात बनवलेले पुरावे ऑफिसरला लगेच कळतात. कार्ड मिळेल त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ते दोन वर्षांचं कंडिशनल असतं आणि संपायच्या आधीच्या ९० दिवसांत ती अट काढायचा अर्ज, आय-७५१, टाकावा लागतो, ती तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये नको पण कार्ड आलं त्या दिवशी नक्की टाक.

राहिलं नाव. सध्या बदलू नकोस. पासपोर्ट, आय-२०, ओपीटीचं कार्ड, सोशल सिक्युरिटी, डिग्री सगळं एका नावावर असू दे, मध्येच एक बदललंस की बाकीचे सगळे बदलत बसावे लागतात आणि नेमकं तेव्हाच कुठलं तरी पत्र जुन्या नावाने येतं. ग्रीन कार्ड झाल्यावर हवं तर सावकाश बदल, किंवा सिटिझनशिपच्या वेळी त्याच अर्जात नाव बदलून मागता येतं, मी तेच केलं.

नवऱ्याची शपथेची तारीख कळली आणि ती डिसेंबरच्या आधीची निघाली तर इथे लिही, कारण मग अर्ज आणि प्रवास यांचा क्रम बदलू शकतो. आणि अर्ज टाकायच्या आधी एकदा इमिग्रेशनच्या वकिलाला तासाभराचे पैसे देऊन आय-२०, आय-९४ (देशात आल्याची नोंद) आणि शिक्का तिन्ही दाखव, बऱ्याच युनिव्हर्सिट्यांमध्ये विद्यार्थ्यांसाठी फुकट कायदेशीर सल्ला असतो, तिथे आधी विचार.