स्टेटस वाचलं तुझं

राजा,

रात्री तुझं स्टेटस पाहिलं, ते 'सगळ्यांनाच उडवून टाका' वालं, फोनवर बोलण्यापेक्षा म्हटलं लिहूनच काढावं. राग येणारच बावा. 22 एप्रिल 2025 ला पहलगामच्या बैसरनमध्ये फिरायला गेलेल्या माणसांना धर्म विचारून मारलं, 26 जीव गेले, त्यात सहा आपल्या महाराष्ट्राचे. पण तुझे ते 'सगळे' कोण? त्या 26 मध्ये एक तिथलाच मुसलमान घोडेवाला होता, पर्यटकांना वाचवायला मधात पडला. अन् दुसऱ्या दिवशी काश्मीर खोऱ्यानं स्वतःहून दुकानं बंद ठेवली, हे कोणी फॉरवर्ड केलं का तुले?

फेब्रुवारी 2019 आठव. पुलवामात आपल्या बुलडाणा जिल्ह्याचे दोन जवान गेले, एक मलकापूरचा, एक लोणार तालुक्यातला. अन् त्याच महिन्यात यवतमाळला शिकणाऱ्या काश्मिरी पोरांना काही लोकांनी मारलं. पुलवामाचा हल्ला करणाऱ्या जैश-ए-मोहम्मदवाल्यांचं काय बिघडलं त्यानं? त्यांना तर हेच पाहिजे, की त्या पोरानं घरी जाऊन सांगावं, तिकडं आपलं कोणी नाही.

हात बांधून बसा असं नाही म्हणत मी. अतिरेक्याचा बंदोबस्त फौजेनं करावाच, पाकिस्तानात बसून त्याले पोसणाऱ्यांना जाब विचारावाच. पण शांतता म्हणजे भेकडपणा हे डोक्यातून काढ. फेब्रुवारी 2021 मध्ये दोन्ही फौजांनी नियंत्रण रेषेवरचा गोळीबार थांबवायचं ठरवलं, चार वर्षं बऱ्यापैकी टिकलं, अन् तेवढ्यानंच तारेजवळचे शेतकरी भीतीपायी पडीक टाकलेल्या वावरात परत पेरायला गेले. पेरणी हुकली तर घराचं काय होते ते तुले मी काय सांगू. मग मे 2025 मध्ये नियंत्रण रेषेजवळच्या पुंछला पलीकडून घरांवर तोफगोळे पडले, लहान लेकरं गेली, त्यांनी कोणाचं काय केलं होतं?

फेब्रुवारी 1999 मध्ये वाजपेयी बसनं लाहोरला गेले अन् दोनतीन महिन्यांत कारगिल झालं, म्हणून बोलणी फुकट असं लोक म्हणतात, मले नाही पटत. त्याच कारगिलनंतर 2005 मध्ये श्रीनगरहून पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मिरातल्या मुझफ्फराबादला बस सुरू झाली, फाळणीत तुटलेले भाऊबहीण भेटले. आता ती बंद आहे, पुन्हा सुरू व्हावी असं मले मनापासून वाटते.

तू भरतीची तयारी करतो, कर, पहाटेचं रनिंग सोडू नको. उद्या ड्युटी काश्मिरातच लागली तर गावातल्या म्हाताऱ्यानं तुले खबर द्यायची का दार लावून घ्यायचं, हे तू त्याच्याशी कसा वागतो त्यावर आहे.

स्टेटस आजच काढ. अन् तुझ्या होस्टेलवर तो काश्मिरातल्या बारामुल्लाचा पोरगा आहे म्हणतो ना, दिवाळीत मेस बंद असते, त्याले घरी घेऊन ये.

तुझा,
सर