आयोवातून कधी कोणी नावाजलेलं आलंय का, की तिथे नुसता मका आणि डुकरं?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला डी मॉइनला नोकरी मिळतेय, पण ‘तिथून कोणी नावाजलेलं आलंय असं ऐकलं नाही, नुसता मका आणि डुकरं.’ हे वाक्य मी 17 वर्षं ऐकतेय, तेही घरच्या माणसाकडून, म्हणून लिहायला बसले. माझे धाकटे दीर सॅन होजेला, सिलिकॉन व्हॅलीत असतात. आम्ही आयोवातल्या एम्सला आलो तेव्हापासून दर दिवाळीच्या फोनवर त्यांचं एकच पालुपद, ‘वहिनी, आता माणसांत या.’

नावं हवी असतील तर आधी ती सांगून टाकते. नट जॉन वेन विंटरसेटचा. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर वेस्ट ब्रँचचे. पृथ्वीभोवतीचे किरणोत्सर्गाचे पट्टे ज्यांच्या नावाने ओळखतात ते जेम्स व्हॅन ॲलन माउंट प्लेझंटचे. हातात दाताळं घेतलेला शेतकरी आणि शेजारी उभी बाई, हे चित्र काढणारा ग्रँट वुड ॲनामोसाजवळचा. बँडवाला ग्लेन मिलर क्लॅरिंडाचा. आणि वॉटर्लूचा पैलवान डॅन गेबल, ज्याने 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये समोरच्याला एकही गुण न देता सुवर्ण जिंकलं. इथे कुस्तीला कोल्हापुरात असतो तसा मान आहे. राज्याची लोकसंख्या 32 लाखांच्या आसपास, म्हणजे 2011 च्या जनगणनेतल्या एकट्या पुणे शहराएवढी. त्या मानाने ही नावं कमी नाहीत.

आता मला जे सांगायचंय ते.

2015 साली जालन्याला सासरी लग्न होतं. पंगतीत भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘वहिनींच्या गावात माणसं कमी, डुकरं जास्त.’ लोक हसले. माझे वडील, अण्णा, दोन पानं सोडून बसले होते. श्रीरामपूर तालुक्यातले शेतकरी. ते काही बोलले नाहीत, जेवून उठले. पुढच्या जूनमध्ये ते आमच्याकडे आले आणि दुसऱ्याच दिवशी चहा पिताना विचारलं, ‘बोरलॉगचं गाव इथून किती लांब आहे गं?’

बुटक्या गव्हाचे वाण काढणारे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग आयोवाचे, हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं इथे राहून. त्याची मला आजही लाज वाटते.

क्रेस्को आमच्याकडून गाडीने तीन तासांवर. 1914 चा जन्म, नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांचं घराणं. गावाबाहेर ते घर अजून आहे, आणि ज्या एका खोलीच्या शाळेत ते आठवीपर्यंत शिकले ती शाळाही तिथे आणून ठेवली आहे. आम्हाला दाखवायला जो म्हातारा माणूस आला, तो त्याच भागातला निवृत्त शेतकरी होता. अण्णांना इंग्रजी येत नाही. मी मध्ये उभी राहून सांगत होते, तेवढ्यात अण्णांनी मला हाताने थांबवलं. आधी हात छातीशी आडवा धरला, मग पंजा हळूहळू कलता करत जमिनीकडे नेला. म्हणजे आमचा जुना बन्सी गहू, उंच वाढायचा आणि खत दिलं की लोळायचा. मग तोच हात मांडीपाशी आणून मूठ घट्ट आवळली. म्हणजे बुटका गहू, ओंबी जड झाली तरी उभा राहणारा. त्या माणसाने मान हलवली आणि स्वतःचा हातही मांडीपाशी नेला. पुढचा अर्धा तास मला कोणी काही विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर अण्णा बोलायला लागले. 1968 च्या रब्बीत आजोबांनी पाटाखालच्या दोन एकरांत पहिल्यांदा कल्याण सोना हा बुटका गहू टाकला. त्याआधी मेक्सिकोचं बी आलं होतं, पण त्याचा दाणा लाल, चपाती लोकांना आवडेना. आपल्या संशोधकांनी त्यातून पिवळसर दाण्याचे वाण काढले, तेव्हा कुठे तो शेतकऱ्यांनी उचलला. देशाने 1966 साली मेक्सिकोहून 18,000 टन बियाणं मागवलं होतं. 1970 साली बोरलॉगना शांततेचं नोबेल मिळालं, ते अण्णांनी रेडिओवर ऐकलं होतं. टंचाईच्या काळात घरात मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, खाल्लेली माणसं ती. त्यांना बोरलॉग कोण हे सांगावं लागत नाही.

त्यानंतर मी या विषयात शिरले आणि मला जे सापडलं ते आमच्या एम्समधलंच निघालं. 1890 च्या दशकात इथल्या कृषी महाविद्यालयात पुढे नावाजलेले शेतीशास्त्रज्ञ झालेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शिकत होते, तिथले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. एका प्राध्यापकाच्या लहान मुलाला ते सोबत घेऊन फिरायचे, झाडं-पानं ओळखायला शिकवायचे. तो मुलगा हेन्री वॉलेस. मोठेपणी त्याने संकरित मक्याची बियाणं कंपनी काढली, देशाचा कृषिमंत्री झाला, मग उपराष्ट्राध्यक्ष. 1940 साली तो मेक्सिकोला गेला, तिथल्या शेतकऱ्याचं तुटपुंजं पीक पाहून आला आणि परतल्यावर रॉकफेलर फाउंडेशन या दानशूर संस्थेच्या मागे लागला. त्यातून मेक्सिकोतलं जे केंद्र उभं राहिलं, तिथे 1944 साली बोरलॉग रुजू झाले. आजोबांच्या दोन एकरांपर्यंत हा धागा असा पोचतो.

भाऊजींना मी हे सगळं फोनवर सांगितलं. म्हणाले, ‘शेतीचं ठीक आहे, पण आमच्या क्षेत्रात कोण?’ इंटेल 1968 साली ज्या दोघांनी काढली त्यातले रॉबर्ट नॉइस बर्लिंग्टनला जन्मले, ग्रिनेलला वाढले. ग्रिनेल आमच्या घरापासून तासाभरावर. ट्रान्झिस्टर काय असतो हे ते ग्रिनेलच्याच कॉलेजात शिकले, तेही तो नुकताच निघाला होता तेव्हा. ज्या चिपवर भाऊजींचं पोट चालतं ती सिलिकॉनवर कशी बसवायची, हे दाखवणारा माणूस याच मक्यातून गेला. आणि जालन्याची गोष्ट जालन्याच्या माणसाला सांगावी लागली याचं मला जास्त वाईट वाटलं. बोरलॉगनी सुरू केलेला वर्ल्ड फूड प्राइझ डी मॉइनला दिला जातो, आणि 1998 साली तो जालन्याच्या महिको या बियाणं कंपनीचे बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला. आमच्या सासरच्या गावचा माणूस आयोवात सन्मान घेऊन गेला, आणि तिथलाच मुलगा विचारतो की आयोवात काय आहे. भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. कार्व्हर जन्माने मिझुरीचे, तेही गुलामगिरीत जन्मलेले. कॅन्ससमधल्या एका कॉलेजने प्रवेश देऊन नंतर रंग पाहून परत पाठवलं, त्यानंतर काही वर्षांनी ते इकडे आले. बोरलॉगही पुढचं शिकले मिनेसोटात. पण वाढवलं कोणी, दार कोणी उघडलं, हे मी धरते. आणि भरघोस पिकासाठी घातलेल्या खताची किंमतही आहे. इथल्या नद्यांत शेतातलं नायट्रेट इतकं उतरतं की डी मॉइनच्या पाणीपुरवठ्याला ते काढायची वेगळी यंत्रणा बसवावी लागली. आमच्या पाटाखालच्या जमिनीही पाणी देऊन देऊन चोपण, म्हणजे खारवट आणि घट्ट झाल्यात. अण्णा हेही बोलतात, आणि तरी बोरलॉगचं नाव आदराने घेतात.

नोकरी घ्या. जानेवारीत उणे 20 पर्यंत जातं, तेव्हा कोट इथे पोचल्यावरच घ्या, तिकडून आणलेला पुरत नाही. शाळा चांगल्या आहेत. क्रेस्कोला मात्र जूनमध्ये जा, आणि निघण्याआधी फोन करून विचारा. ते घर रोज उघडं नसतं.