तीन दिवसांची मुंबई आणि दोन वयांची मुले

प्रश्न : आम्ही सांगलीला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज आटोपल्यानंतर, महालक्ष्मी एक्सप्रेसने शुक्रवारी सकाळी मुंबईत पोहोचायचे आणि रविवारी रात्री त्याच गाडीने परतायचे असे आम्ही ठरवले आहे. मुलगी सहा वर्षांची असून पहिलीत आहे, तर मुलगा पंधरा वर्षांचा असून यंदा दहावीला आहे. यजमानांनी सोळा ठिकाणांची यादी केली आहे. तीत सिद्धिविनायकापासून जुहूपर्यंत आणि तारापोरवाला मत्स्यालयापासून घारापुरीपर्यंत सर्व काही आहे. मुलीला फक्त पेंग्विन पाहायचे आहेत. मुलगा म्हणतो, ‘तुम्ही फिरून या, मी खोलीवर थांबतो.’ क्रिकेट सोडले तर सध्या त्याला कशातच रस वाटत नाही. त्यातच माझे थोरले दीर डोंबिवलीला राहतात आणि आम्ही त्यांच्याकडेच उतरावे असा त्यांचा आग्रह आहे. दहावीच्या वर्षात आम्हा चौघांना एकत्र मिळणारे हे तीनच दिवस आहेत. ते एकमेकांवर चिडण्यात जाऊ नयेत, यासाठी काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या यजमानांची यादी मी मुंबईच्या नकाशावर मांडून पाहिली. त्यातील दूरची दोन ठिकाणे एका दिवसात गाठायची म्हटली, तर चार तास नुसते गाडीत आणि रांगेत जातात, आणि सहा वर्षांच्या मुलीचा उत्साह साधारण तेवढाच वेळ टिकतो. तेव्हा यादीला कात्री लावावी लागणार हे उघड आहे. पण त्याआधी मुक्काम कुठे करायचा हे ठरवावे, कारण बाकीच्या बऱ्याच अडचणी त्या एका निर्णयाने सुटतात.

मुंबईच्या लोकलची गर्दी भरती-ओहोटीसारखी एका ठरावीक दिशेने वाहते. सकाळी साधारण आठ ते अकरा ती उपनगरांकडून दक्षिण मुंबईकडे येते आणि सायंकाळी पाचपासून नऊपर्यंत उलट फिरते. डोंबिवली हे मध्य रेल्वेवरील अत्यंत गर्दीचे स्थानक आहे, आणि तेथून जलद लोकलनेही सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) गाठायला तासाहून अधिक वेळ लागतो. तेथे उतरलात, तर निदान शुक्रवारी आणि शनिवारी दोन्ही वेळा तुम्ही त्या लोंढ्याबरोबरच प्रवास कराल. याउलट फोर्ट किंवा सीएसएमटीच्या परिसरातील एखाद्या साध्या लॉजवर राहिलात, तर सकाळी तुम्ही उत्तरेकडे जाल आणि सायंकाळी दक्षिणेकडे परताल, म्हणजे प्रत्येक वेळी गर्दीच्या उलट. आणि मुलीला खिडकीजवळची जागाही मिळेल. दोन रात्रींच्या भाड्याचा खर्च मला येथे पूर्णपणे योग्य वाटतो. खोली ठरवताना एक गोष्ट आवर्जून विचारावी : सकाळी आठला खोलीचा ताबा मिळेल का? अनेक ठिकाणी तो दुपारी बारानंतर मिळतो. तसे असेल तर सामान तेथेच ठेवून, स्थानकाच्या प्रतीक्षालयात तोंड धुऊन आणि पोटभर नाश्ता करून बाहेर पडावे.

थोरल्या दिरांना नकार देणे अवघड आहे, हे मी समजू शकते. पण महालक्ष्मी एक्सप्रेस कल्याणला थांबते, याचा उपयोग करून घेता येईल. परतीच्या तिकिटावर चढण्याचे स्थानक कल्याण असे नोंदवा, रविवारी दुपारी उशिरा सामानासह डोंबिवलीला जा, सर्वांबरोबर लवकर जेवण करा आणि तेथूनच कल्याणला जाऊन गाडी पकडा. दिरांना आताच फोन करून ‘रविवारची संध्याकाळ तुमची’ असे सांगितलेत, तर त्यांच्या आग्रहाचाही मान राहील. मात्र रविवारी दिवसा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीच्या कामासाठी काही मार्गांवरील लोकल काही तास बंद ठेवतात किंवा वळवतात. आदल्या दिवशी त्याच्या वेळा पाहून घ्याव्यात आणि तो संपल्यावरच निघावे.

आता शुक्रवार. रात्रभराच्या प्रवासानंतर मुलीच्या आवडीपासून सुरुवात करावी. सीएसएमटीहून स्लो लोकलने मस्जिद, सँडहर्स्ट रोड आणि मग भायखळा, असा तीनच स्थानकांचा प्रवास आहे, आणि लोकलची पहिली ओळख व्हायला तेवढा पुरेसा आहे. भायखळ्याची वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान ही आपली राणीची बाग. तेथील हम्बोल्ट पेंग्विन २०१६ मध्ये आले आणि २०१७ पासून लोकांना पाहायला मिळू लागले. हे पेंग्विन बर्फातले नसून दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यांवर राहणारे आहेत, हे मुलीला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ‘बर्फ कुठे आहे?’ या प्रश्नावर तिचा हिरमोड होणार नाही. सुट्टीत येथे फार गर्दी उसळते. सकाळी दार उघडताना पोहोचणे चांगले. बाग बुधवारी बंद असते, पण तुमच्या बेतात बुधवार येत नाही.

याच आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला, एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. त्याच्यापाशी थोडे थांबा. हा हत्ती मूळचा घारापुरीचा आहे. त्याला पाहूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलत असताना कोसळून त्याचे तुकडे झाले, आणि पुढे तेच तुकडे जोडून तो येथे उभा करण्यात आला. शुक्रवारी मुलांनी हा हत्ती पाहिला, की शनिवारी बोटीत बसताना ‘आज आपण हत्तीच्या घरी जातो आहोत’ एवढे एक वाक्य मुलीला पुरते; आणि पंधरा वर्षांच्या मुलाला, मनात असो वा नसो, ही तुटलेल्या हत्तीची गोष्ट लक्षात राहते. माझ्या घरातील मुलांच्या बाबतीत मी हे पाहिले आहे. शुक्रवारची दुपार झोपेसाठी मोकळी ठेवा आणि सायंकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर नुसते बसा.

शनिवारी घारापुरी. गेटवे ऑफ इंडियावरून सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक पकडावी. प्रवास सुमारे तासाभराचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावरील प्रवासी बोटीला भीषण अपघात झाला, त्यात अनेकांचे प्राण गेले. म्हणून लाइफ जॅकेट चौघांनीही घालावे आणि मुलीच्या मापाचे आहे का, हे चढण्यापूर्वीच विचारावे; ते नसेल तर त्या बोटीत बसू नये. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी चालू असेल तर मुलीला तीत बसवा, कारण पुढे सुमारे १२० पायऱ्या चढायच्या आहेत. खाण्याच्या वस्तू पिशवीत बंद ठेवा, माकडे हातातून ओढून नेतात. मुख्य लेण्यात सुमारे वीस फूट उंचीची सदाशिवाची त्रिमुखी मूर्ती आहे. तिच्यासमोर मुलांना काही न सांगता पाच मिनिटे उभे राहू द्यावे. ही लेणी सोमवारी बंद असतात, हे शनिवार-रविवारला जोडून सोमवारी जाऊ इच्छिणाऱ्या इतर वाचकांनी लक्षात ठेवावे.

तुमच्या मुलाविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. ‘मी खोलीवर थांबतो’ हे वाक्य ऐकून आईला वाईट वाटणे स्वाभाविक आहे, परंतु त्याच्या जागी उभे राहून पाहिले, तर त्याला तीन दिवस धाकट्या बहिणीच्या पावलांनी चालायचे आहे, तिला भूक लागेल तेव्हा थांबायचे आहे, आणि यादीतील एकही ठिकाण त्याने निवडलेले नाही. त्याला या सहलीतील खरी जबाबदारी द्या. बहिणीचा हात धरणे ही जबाबदारी त्याच्यावर टाकू नका. ती तुमची दोघांची आहे. तिकिटे काढणे, फलकावर गाडी पाहणे, कोणत्या बाजूला उतरायचे हे सांगणे आणि वाट शोधणे हे सारे त्याच्याकडे सोपवा, आणि तो एखाद्या वेळी चुकला, दोन गल्ल्या जास्त चालाव्या लागल्या, तरी कोणीही काही बोलू नये.

रविवारचा अर्धा दिवस तर पूर्ण त्याचा असावा. तुम्ही सीएसएमटीजवळ राहिलात, तर आझाद मैदान समोरच आहे. १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी ६६४ धावांची भागीदारी केली, ती याच मैदानावर. सचिन त्या वेळी चौदा वर्षांचा होता, म्हणजे तुमच्या मुलापेक्षाही लहान. सुट्टीच्या सकाळी येथे आणि पुढे ओव्हल मैदानावर कितीतरी सामने एकाच वेळी चालू असतात. एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या यष्टीरक्षकाजवळ उभा असतो, आणि तरीही कोणाचा गोंधळ होत नाही. ओव्हलच्या एका बाजूला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, तर दुसऱ्या बाजूला आर्ट डेको शैलीच्या इमारतींची रांग आहे. हा सारा परिसर २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. हे त्याला हवे तर सांगा, नको असेल तर सामना पाहू द्या.

त्यानंतर तुम्ही चौघे दोन-दोन असे वेगळे झालात तर उत्तम. बापलेकांनी भुयारी मेट्रोने सीएसएमटीहून थेट सायन्स सेंटर स्थानकावर जावे आणि नेहरू विज्ञान केंद्र पाहावे. ही मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावू लागली आहे आणि लोकलच्या मेगाब्लॉकचा तिच्यावर परिणाम होत नाही. सिद्धिविनायकाचे स्थानकही याच मार्गावर पुढे असल्याने यजमानांची दर्शनाची इच्छा तेव्हाच पूर्ण होऊ शकेल. त्या वेळात तुम्ही आणि मुलीने काळा घोडा येथील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. तेथे २०१९ पासून मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय आहे. संग्रहालयातून निघण्यापूर्वी मुलीला स्वच्छतागृहात नेऊन आणावे, कारण पुढे रस्त्यावर चांगली सोय शोधणे कठीण जाते. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ पासून अनेक पिढ्यांनी पाहिले, पण गेली काही वर्षे ते बंद आहे, म्हणून ते यादीतून काढावेच लागेल. जुहू या वेळी सोडून द्या.

एक नियम मात्र घरूनच पक्का करून निघा. काही वर्षांपूर्वी एका गर्दीच्या स्थानकावर माझा भाचा डब्यात चढला, मी फलाटावर राहिले आणि गाडी सुटली. आम्ही काहीच ठरवलेले नव्हते. तो पुढच्या स्थानकावर उतरून परत येऊ लागला आणि मी त्याच वेळी त्याच्या दिशेने निघाले. आमची भेट व्हायला दीड तास लागला, आणि तो दीड तास मी विसरू शकत नाही. त्यामुळे आता आमच्या घरात असे ठरलेले आहे, की गाडीत चढलेल्याने पुढच्या थांब्यावर उतरून तेथेच थांबायचे, आणि फलाटावर राहिलेल्याने पुढच्या गाडीने त्याच्याकडे जायचे. जलद गाडी मधली स्थानके सोडते, म्हणून मुलांबरोबर स्लो गाडीच बरी. सहा वर्षांच्या मुलीला मात्र हा नियम लागू नाही, तिचा हात चढताना-उतरताना सुटताच कामा नये; तिच्या खिशात तुमच्या दोघांच्या मोबाइल क्रमांकांची चिठ्ठी ठेवा. रेल्वेची मदतवाहिनी १३९, पोलिसांसाठी ११२ आणि मुलांसाठीची चाइल्डलाइन १०९८, हे क्रमांक मुलाकडून पाठ करून घ्या.

प्रश्न : मी जळगावहून तेरा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी यांना घेऊन एकटीच दोन दिवसांसाठी मुंबईला जाणार आहे. लोकलमध्ये आम्ही तिघे महिलांच्या डब्यातून जाऊ शकू का? मुलांचे तिकीट कसे असते?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : महिलांच्या डब्यात बारा वर्षांखालील मुलगाच आईबरोबर जाऊ शकतो, त्यामुळे तुमच्या मुलाला तेथे बसता येणार नाही. त्याला शेजारच्या डब्यात एकटे चढवून तुम्ही महिलांच्या डब्यात बसणे मी सुचवणार नाही. दोघांचेही लक्ष पूर्ण वेळ एकमेकांकडे लागून राहते आणि उतरताना घाई होते. तिघांनीही सर्वसाधारण डब्यातूनच, पण सकाळी अकरानंतर आणि दुपारी चारच्या आत प्रवास करावा. अगदीच गर्दीच्या वेळी जावे लागले, तर तेवढ्या अंतरापुरती टॅक्सी करावी किंवा मार्ग सोयीचा असेल तर मेट्रोने जावे. पाच वर्षांखालील मुलांना लोकलचे तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट असते. म्हणजे मुलगी विनातिकीट आणि मुलाचे पूर्ण तिकीट. मुलगी वयाच्या मानाने उंच असेल, तर तिच्या जन्मदाखल्याची एक प्रत पर्समध्ये असू द्यावी.